मूळ किती आणि पुरवणी किती?

(मोठ्या गटातील मुलांसाठी. पालकांनी सोबत बसून वाचल्यास उत्तम. कठीण शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत.)

मुलांनो, आजच्या पाठाची सुरुवात एका शब्दाने करू. तो शब्द म्हणजे पुरवणी. तुमच्या आईबाबांपैकी कोणी महाराष्ट्रात दहावीची परीक्षा दिली असेल, तर त्यांना या शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही. परीक्षेत आधी एक उत्तरपत्रिका मिळते. ती लिहून संपली की विद्यार्थी हात वर करून म्हणतो, "सर, पुरवणी!" मग पर्यवेक्षक आधीची पाने खरोखर भरली आहेत का, ते पाहतात आणि जादा कागद देतात. तो कागद मूळ उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधायचा. रविवारच्या वर्तमानपत्राबरोबर येते तीही पुरवणीच. थोडक्यात, मूळ वस्तू आपल्या जागी पूर्ण असते आणि तिला वर काही जोडलेले असते.

तुमच्या गेममध्येही अशा पुरवण्या असतात. तुम्ही त्यांना डीएलसी, स्किन, सीझन पास, बॅटल पास अशा नावांनी ओळखता. गेम विकत घेतल्यावर, किंवा फुकट उतरवून घेतल्यावर, आणखी पैसे भरून मिळणारे पात्र, पोशाख, नकाशा, कथेचा पुढचा भाग हे सर्व त्यात आले. आपल्या शाळेतल्या बहुतेक घरांत यावरून एकदा तरी वाद झालेला असणार. मुले म्हणतात, "फक्त दहा डॉलर तर आहेत!" पालक म्हणतात, "अरे, गेम घेतला ना वाढदिवसाला? मग आता पुन्हा कसले पैसे?" दोघांच्याही म्हणण्यात अर्धे अर्धे तथ्य आहे. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यातला माणूस असल्यामुळे या वस्तू तयार कशा होतात, तेही जमेल तसे सांगतो.

आधी पालकांकडे वळू. "आमच्या वेळी एकदा पैसे दिले की विषय संपला" असे आपण म्हणतो, पण ते पूर्ण खरे नाही. डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' नावाचा गेम आला. त्याचा पहिला भाग फुकट होता. त्याच्या प्रती मित्रांना वाटायलाही मोकळीक होती. आवडला तर पैसे पाठवून उरलेले भाग मागवायचे. १९९७ मध्ये 'एज ऑफ एम्पायर्स' आला आणि १९९८ मध्ये त्याची 'द राइज ऑफ रोम' ही पुरवणी वेगळ्या खोक्यात, वेगळ्या किमतीला आली. यावर कोणी लूट म्हणून ओरडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. कारण मूळ गेम भरपूर होता. पुरवणीचे काम त्यानंतर वेगळे झाले होते आणि आत काय आहे ते खोक्यावर छापलेले होते. शिवाय ती आणायला कोणाला तरी दुकानात जावे लागे. घरापासून दुकानापर्यंतच्या वाटेवर माणसाला विचार करायला वेळ मिळतो, ही गोष्ट लहान वाटली तरी लहान नाही.

पुढे इंटरनेट वेगवान झाले आणि ती वाट उरली नाही. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा कंपनीने 'द एल्डर स्क्रोल्स ४ : ओब्लिव्हियन' या गेममधल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढले. किंमत अडीच डॉलर! घोडा रुबाबदार दिसे, कथा मात्र होती तिथेच राही. खेळाडूंनी या चिलखताची इतकी टिंगल केली की आजही गेमवाल्यांमध्ये ते निरर्थक पुरवणीचे उदाहरण म्हणून सांगतात. आपल्याकडे यासाठी म्हणच आहे : चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण गंमत अशी की त्याच कंपनीने त्याच गेमची 'शिव्हरिंग आइल्स' ही पुरवणी २००७ मध्ये ३० डॉलरला विकली आणि ती लोकांनी आनंदाने घेतली, कारण तिच्यात एक नवा प्रदेश आणि नवी कथा होती. म्हणजे राग पैसे देण्याचा नव्हता. (एप्रिल २०२५ मध्ये हाच गेम नव्या रूपात आला, तेव्हा त्याच्या महागड्या आवृत्तीत घोड्याचे चिलखत पुन्हा होते. टिंगल झाली म्हणून वस्तू खपत नाही असे नाही.)

त्या चिलखताच्या किमतीत आणखी एक मेख होती. एक्सबॉक्सवर ती डॉलरमध्ये लिहिलेलीच नव्हती. ती होती २०० पॉइंट. ८० पॉइंट म्हणजे एक डॉलर. आता मनातल्या मनात भागाकार करा बघू! जमेल, पण क्षणभर थांबावे लागेल, आणि खेळाच्या भरात कोण थांबतो? मायक्रोसॉफ्टने ते पॉइंट २०१३ मध्ये बंद करून खऱ्या चलनात किमती लावल्या, पण इतर अनेक गेममध्ये नाणी, रत्ने, हिरे यांचा बाजार चालूच राहिला. नाण्यांचे गठ्ठे अशा आकड्यांचे असतात की वस्तू घेतल्यावर थोडी नाणी उरतात. ती उरलेली नाणी वाया जाऊ नयेत म्हणून आपण पुढचा गठ्ठा घेतो. भारतात गेलात की बिस्किटाचा पुडा हातात घेऊन पाहा. त्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते आणि पुढे लिहिलेले असते, 'सर्व करांसहित'. दुकानदाराला त्याहून एक पैसाही जास्त घेता येत नाही. अमेरिकेत वाढलेल्या मुलांना याचे नवल वाटते, कारण इथे मांडणीवरची किंमत वेगळी आणि गल्ल्यावरची वेगळी. ग्राहकाला खरी किंमत घेण्याआधी कळली पाहिजे, हा साधा नियम आहे. ताकाला जाऊन भांडे लपवू नये, ही म्हण सहसा मागणाऱ्याला सांगतात, पण ती विकणाऱ्यालाही लागू व्हायला हरकत नाही.

आता मुलांच्या एका आवडत्या तक्रारीकडे येऊ : "आधीच डिस्कवर होतं, तरी कुलूप लावून ठेवलं!" हे खरोखर घडलेले आहे. मार्च २०१२ मध्ये कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन' हा गेम आला. काही लोकांनी त्याची डिस्क उकलून पाहिली, तर नंतर विकायची १२ पात्रे तिच्यावर आधीपासूनच होती. पैसे भरून मिळणार होती ती फक्त किल्ली. लोक खूप चिडले. कंपनीने उत्तर दिले की ज्याने पात्रे घेतली आणि ज्याने घेतली नाहीत, त्या दोघांना एकमेकांशी खेळता यावे म्हणून ती डिस्कवर ठेवली. तांत्रिकदृष्ट्या यात तथ्य आहे. समोरच्या खेळाडूचे पात्र माझ्या पडद्यावर दिसायचे असेल, तर त्याची चित्रे माझ्या यंत्रातही हवीतच.

त्याच महिन्यात 'मास इफेक्ट ३' आला आणि पहिल्याच दिवशी 'फ्रॉम ॲशेस' ही दहा डॉलरची पुरवणीही आली. "पहिल्याच दिवशी तयार होती, मग आत का नाही घातली?" हा प्रश्न रास्त आहे. पण कामाची रीत ऐका. डिस्कवर गेम छापायचा तर तो बाजारात येण्याच्या बऱ्याच आधी गोठवावा लागतो. मग कन्सोल बनवणारी कंपनी तो तपासते, डिस्क छापल्या जातात, खोकी भरली जातात, ट्रक निघतात. या काळात चित्रकार आणि लेखक रिकामे बसत नाहीत. ते पुढचे काम सुरू करतात. त्यामुळे गेम दुकानात पोहोचेपर्यंत पुरवणीही तयार होऊ शकते. म्हणून "पहिल्या दिवशी आली, म्हणजे आमच्यातूनच कापून काढली" हे नेहमीच बरोबर नसते. माझ्या मते फाइल डिस्कवर होती की नव्हती, हा मुद्दाच गौण आहे. पर्यवेक्षकांचा प्रश्न विचारा : मूळ उत्तरपत्रिका भरली होती का? त्या कसोटीवर 'असुराज राथ' हा २०१२ मधलाच गेम पाहा. त्याच्या कथेचा खरा शेवट पुरवणीत घालून वेगळा विकला. कादंबरीचे शेवटचे प्रकरण दुकानदाराने काउंटरखाली ठेवावे, तसे हे झाले. याला मराठीत हातचे राखणे म्हणतात आणि इथे मी मुलांच्या बाजूचा आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. अमेरिकेत मोठ्या गेमची किंमत २००५-०६ च्या सुमारास ६० डॉलर झाली आणि २०२० मध्ये ७० डॉलरकडे सरकू लागली. मधल्या १५ वर्षांत दूध, घरभाडे, पगार सगळे वाढले, गेम बनवणाऱ्यांची संख्याही कितीतरी वाढली, पण खोक्यावरची किंमत तेवढीच. ही तूट पुरवण्यांतून भरून निघते. हा युक्तिवाद मला पटतो, पण एका मर्यादेपर्यंतच. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने २०१५ मध्ये 'द विचर ३' काढला. लहानसहान १६ पुरवण्या तिने फुकट दिल्या आणि दोन मोठ्या विकल्या. 'हार्ट्स ऑफ स्टोन' दहा डॉलरला, तर 'ब्लड अँड वाइन' वीस डॉलरला. दुसरीत एक आख्खा नवा प्रदेश होता आणि तिला २०१६ मध्ये पूर्ण गेमच्या बरोबरीने पारितोषिक मिळाले. तूट अशीही भरून काढता येते.

याहून वाईट प्रकार आहे तो नाक दाबण्याचा. नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण तुम्ही मागच्या सत्रात शिकलात. गेम मुद्दाम कंटाळवाणा करायचा, एक इमारत बांधायला आठ तास लावायचे आणि मग "थांबायचे नसेल तर पैसे द्या" म्हणायचे. इथे विकली जाते ती गंमत नाही, त्रासातून सुटका विकली जाते, आणि तो त्रासही विकणाऱ्यानेच दिलेला असतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये ईए कंपनीच्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' मध्ये डार्थ व्हेडर मिळवायला ६०,००० क्रेडिट लागत. खेळाडूंनी हिशेब केला, तर तेवढे जमवायला सुमारे ४० तास खेळावे लागणार होते. आणि पैसे देऊन घेतलेल्या पेट्यांतून खेळात उपयोगी शक्ती मिळत होत्या. एवढा गदारोळ झाला की कंपनीने आकडा १५,००० वर आणला आणि गेम बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी पैशांची खरेदीच बंद केली. नंतर, २०१८ मध्ये, ती परत आली तेव्हा पैशाने फक्त पोशाख मिळत, शक्ती नाही. ग्राहक एकत्र आले तर काय होते, त्याचे हे उदाहरण.

या पेट्यांना लूट बॉक्स म्हणतात. 'लूट' हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातूनच नेला, हे विशेष! आत काय निघेल ते नशिबावर. आमच्या लहानपणी च्युइंगमच्या पाकिटात क्रिकेटपटूंची चित्रे येत, तीही नशिबावरच. पण दोनदा आलेले चित्र मित्राशी बदलता येई, आणि खिशातली नाणी संपली की प्रकरण संपे. लूट बॉक्सच्या मागे कार्ड असते, आणि कार्डाला तळ दिसत नाही. थोडे गणित करू. समजा, हवी ती वस्तू निघण्याची शक्यता प्रत्येक पेटीला शंभरात एक आहे आणि पेटी एक डॉलरची. शंभर पेट्या उघडल्या तर वस्तू नक्की मिळेल असे अनेकांना वाटते. पण एका पेटीत ती न मिळण्याची शक्यता ०.९९ आहे. ०.९९ ला स्वतःनेच शंभर वेळा गुणा. उत्तर येते सुमारे ०.३७. म्हणजे शंभर मुलांनी शंभर-शंभर डॉलर घातले, तर त्यांतली सुमारे ३७ मुले रिकाम्या हाताने परततील. कॅल्क्युलेटरवर करून पाहाच.

हा जुगार आहे का? जपानच्या ग्राहक संरक्षण खात्याने २०१२ मध्ये यातला एक प्रकार बेकायदा ठरवला. त्यात नशिबाने निघणाऱ्या वस्तूंचा संपूर्ण संच जमवला तरच मोठे बक्षीस मिळे. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये 'फिफा १८' सह तीन गेममधल्या पेट्या जुगार ठरवल्या. शेजारच्या नेदरलँड्समध्येही 'फिफा' मधल्या पेट्यांसाठी एक कोटी युरोचा दंड झाला होता, पण मार्च २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रद्द केला. पेट्या हा स्वतंत्र खेळ नाही, कौशल्याच्या मोठ्या खेळाचा तो एक भाग आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. शेजारी शेजारी देश, तीच पेटी, उत्तरे दोन! मला बेल्जियमचे पटते. तुम्हाला नेदरलँड्सचे पटले तर कारणे लिहून आणा.

अमेरिकेत सरकारने वेगळ्या बाजूने हात घातला : मुलाने दाबलेल्या बटणाला पालकांची संमती म्हणता येईल का? जानेवारी २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत ॲपलने निदान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायचे कबूल केले. पालकाने एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटे मुलाला न विचारता खरेदी करता येत असे, ही मुख्य तक्रार. डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट' च्या एपिक गेम्सने त्याच आयोगाशी तडजोड करून फसव्या खरेदीच्या प्रकरणात २४ कोटी ५० लाख डॉलर परतफेडीसाठी द्यायचे मान्य केले. बटणांची रचना अशी गोंधळाची होती की वस्तू नुसती पाहायला गेले तरी शेजारचे बटण दाबले जाऊन खरेदी होई, असा आरोप होता. पडद्यावर बटण कुठे ठेवायचे, यावर आमच्या धंद्यात बैठकांवर बैठका होतात. म्हणून "चुकून झाले असेल" हे मी सहज मान्य करत नाही.

सिनेमाचे थोडक्यात सांगतो. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चा पहिला चित्रपट २००१ मध्ये आला, १७८ मिनिटांचा. ऑगस्ट २००२ मध्ये त्याची डीव्हीडी निघाली आणि नोव्हेंबरमध्ये चार डिस्कची २०८ मिनिटांची दुसरी. ज्यांनी दोन्ही घेतल्या त्यांचा खिसा हलका झाला खरा, पण चित्रपटगृहातला चित्रपट अपुरा नव्हता. ही खरी पुरवणी. सप्टेंबर २०२० मध्ये डिस्नेने आपल्या वर्गणीदारांकडून 'मुलान' साठी वर आणखी ३० डॉलर घेतले; डिसेंबरमध्ये तोच चित्रपट सर्व वर्गणीदारांना जादा पैशांशिवाय मिळाला. पैसे होते ते तीन महिने आधी पाहण्याचे, आणि तसे उघड सांगितले होते. मला यात अन्याय दिसत नाही. थांबता येणाऱ्याने थांबावे. पण जानेवारी २०२४ मध्ये ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर चालू वर्गणीतच जाहिराती सुरू झाल्या आणि त्या नको असतील तर महिन्याला २.९९ डॉलर जादा, असे ठरले. इथे मूळ ताटातलीच वाटी उचलून तिचे वेगळे पैसे लावले.

एक गोष्ट मुलांच्या लक्षात सहसा येत नाही. अशा वस्तू आपण 'विकत' घेतो म्हणजे नक्की काय घेतो? 'द क्रू' हा २०१४ मधला मोटारींचा गेम सर्व्हरशिवाय चालत नसे. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केले आणि मूळ गेमबरोबर लोकांनी पैसे भरून घेतलेल्या पुरवण्याही गेल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की मिळत असेल फक्त वापरण्याचा परवाना, तर दुकानाने तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' असे लिहू नये.

राहता राहिला आपल्या घरातला प्रश्न, आणि तो पैशांपेक्षा अवघड आहे. गेममध्ये ज्याने नवीन पोशाख घेतलेला नाही, त्याला शाळेत काही मुले 'डिफॉल्ट' म्हणून हिणवतात. पालकहो, आपल्याला हे हास्यास्पद वाटते. न दिसणाऱ्या कपड्यांसाठी पंधरा डॉलर! पण मुलाला ते कपडे दिसतात आणि त्याच्या मित्रांनाही दिसतात. आपल्या वर्गात कॅनव्हासचे बूट घालणाऱ्याला काय वाटत असे, ते आठवून पाहा. मुलाने मागितलेला पोशाख द्यायलाच हवा असे मी म्हणत नाही; आमच्या घरी बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असेच असते. पण "सगळी लूट आहे" म्हणून विषय मिटवला, तर मुलाला चांगल्या पुरवणीतला आणि फसव्या पुरवणीतला फरक कधीच कळत नाही. आणि मुलांनो, 'सगळे घेतात' हे कारण नव्हे. हे वाक्य कंपनीला तुमच्या तोंडून हवेच असते. पोशाख दुसऱ्यांना दिसेल अशी व्यवस्था त्यासाठीच केलेली असते.

शब्दार्थ : पर्यवेक्षक – परीक्षेच्या वेळी वर्गावर लक्ष ठेवणारे. मेख – लपलेली अडचण. गल्ला – दुकानदार पैसे ठेवतो ती पेटी, पैसे देण्याची जागा. गौण – कमी महत्त्वाचे. हातचे राखणे – आपल्याजवळचे थोडे मुद्दाम न देणे. तूट – जमेपेक्षा खर्च जास्त झाल्याने पडणारे अंतर. तडजोड – दोन्ही पक्षांनी मिळून मिटवलेला वाद. परवाना – वापरण्याची परवानगी. हिणवणे – कमी लेखून चिडवणे.

स्वाध्याय : पुढच्या रविवारी येताना तुमच्या आवडीच्या एका गेमचा हिशेब मराठीत लिहून आणा. मूळ किंमत किती, आजवर पुरवण्यांवर किती, आणि नाण्यांत किंवा रत्नांत लिहिलेली एक किंमत डॉलरमध्ये किती होते, ते दाखवा. आईबाबांना कार्डाचा हिशेब विचारायला लाजू नका. वादविवादासाठी 'कथेचा शेवट वेगळा विकणे योग्य आहे' हा विषय आहे. नावे शनिवारपर्यंत द्या. विषयाच्या बाजूने बोलणारे अजून कोणी मिळालेले नाही, तेव्हा एखाद्या पालकाने पुढे यावे.